रोहित्राच्या पोटातली उष्णता : तेल, हवा आणि पाणी

मित्रहो,

वीज केंद्रात जनित्राला जोडलेले जे मोठे रोहित्र असते, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात ‘जीटी’ म्हणजे जनरेटर ट्रान्सफॉर्मर म्हणतो, त्याच्यापासूनच आजच्या विषयाला सुरुवात करतो. त्याची क्षमता ३०० एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) आहे असे धरू. एवढ्या आकाराच्या रोहित्राची पूर्ण भारावरची कार्यक्षमता साधारण ९९.७ टक्के असते. हा आकडा ऐकला की त्याला थंड ठेवण्याचा प्रश्न किरकोळ वाटू लागतो. पण उरलेल्या ०.३ टक्क्याचा हिशेब मांडून पाहा. सोयीसाठी पॉवर फॅक्टर एक धरला, म्हणजे एमव्हीए आणि मेगावॅट सारखेच मानले, तर ३०० एमव्हीएचे ०.३ टक्के म्हणजे ९०० किलोवॅट होतात. एक किलोवॅटच्या नऊशे विजेच्या शेगड्या एका बंद लोखंडी टाकीत कोंबून रात्रंदिवस पेटत्या ठेवल्या, तर जेवढी उष्णता निघेल तेवढी या टाकीत निर्माण होत असते, आणि ती ज्या क्षणी निर्माण होते त्याच वेगाने बाहेर गेली नाही तर आतले तापमान चढतच राहते.

ही उष्णता दोन ठिकाणी निर्माण होते. गाभ्याच्या पोलादी पत्र्यांत चुंबकीय प्रवाह दर सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो, त्याची उष्णता रोहित्र चार्ज केल्यापासून, म्हणजे त्याला वीजदाब दिल्यापासून, बंद करेपर्यंत जवळजवळ तेवढीच राहते, मग त्यावर भार असो वा नसो. दुसरी उष्णता वाइंडिंगच्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या वेटोळ्यांच्या, तांब्यात निर्माण होते आणि ती विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भार निम्मा झाला की तांब्यातला ऱ्हास, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, एक चतुर्थांश होतो, भार ६० टक्क्यांवर आला की तो ३६ टक्के उरतो. हा वर्गाचा नियम लक्षात ठेवा, कारण थंड करण्याच्या सगळ्या पद्धतींचा आणि त्यांच्या टप्प्यांचा हिशेब त्याच्यावर उभा आहे. शहराला वीज पुरवणाऱ्या उपकेंद्रातल्या रोहित्राला रात्री भार उतरल्यावर थोडी उसंत मिळते. जनित्राच्या रोहित्राला ती मिळत नाही. वीजनिर्मितीचा संच जोवर पूर्ण क्षमतेने चालतो आहे तोवर रोहित्रही पूर्ण भारावर असते, कधीकधी सलग कित्येक महिने.

आता मुख्य प्रश्न असा की आपण थंड ठेवतो ते नेमके काय. तांब्याला शंभर-सव्वाशे अंशांचे काही वाटत नाही, पोलादालाही नाही. तेलही योग्य काळजी घेतली तर बराच काळ टिकते, आणि खराब झालेच तर गाळता येते, बदलता येते. ज्याला उष्णता सोसत नाही आणि जो रोहित्राचे पोट उघडल्याशिवाय बदलता येत नाही, तो आहे तांब्याच्या तारेवर गुंडाळलेला कागद. लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या या क्राफ्ट कागदात सेल्युलोजच्या लांब साखळ्या असतात. नव्या कागदात एका साखळीत सरासरी हजार ते बाराशे कड्या असतात. उष्णता, पाणी आणि ऑक्सिजन मिळून त्या साखळ्या तोडत जातात, आणि सरासरी दोनशे कड्यांवर आली की कागद बोटाने चुरडावा इतका ठिसूळ होतो. अशा कागदाची विद्युतरोधक शक्ती बऱ्यापैकी शाबूत असू शकते, पण बाहेर एखादा मोठा शॉर्टसर्किट झाला आणि वाइंडिंगला यांत्रिक हिसका बसला की तो फाटतो, आणि तिथे रोहित्राचे आयुष्य संपते.

या झिजेचा वेग तापमानाशी कसा जोडलेला आहे हे मॉन्टसिंगर या अभियंत्याने १९३० साली मांडले. तापमान दर ८ अंशांनी वाढले की कागदाचे आयुष्य निम्मे होते, असा त्याचा नियम होता. आज आंतरराष्ट्रीय मानकात साध्या क्राफ्ट कागदासाठी ६ अंश धरतात आणि ९८ अंश सेल्सिअस हे आधाराचे तापमान मानतात. वाइंडिंगमधल्या सर्वांत तापलेल्या जागेचे, म्हणजे हॉटस्पॉटचे तापमान ९८ असेल तर कागद नेहमीच्या वेगाने झिजतो. १०४ झाले तर दुप्पट आणि ११० झाले तर चौपट वेगाने. उलट ९२ अंशांवर ठेवता आले तर तोच कागद निम्म्या वेगाने म्हातारा होतो. म्हणूनच थंड करण्याच्या व्यवस्थेकडे मी रोहित्राला बाहेरून लावलेली जोडयंत्रणा म्हणून पाहत नाही. रोहित्र किती वर्षे जगणार हे ठरवणारा तोच भाग आहे, आणि त्याची मोजणी सरासरी तापमानावर होत नाही, एका सर्वांत तापलेल्या बिंदूवर होते.

त्या बिंदूपासून बाहेरच्या हवेपर्यंत उष्णतेचा प्रवास मोठा आहे. ती आधी तांब्यातून कागदाच्या थरांतून पार होते, मग कागदाच्या पृष्ठभागावरून तेलात उतरते, तेलाबरोबर वर जाते, टाकीबाहेर बसवलेल्या रेडिएटरच्या पत्र्याला भिडते आणि शेवटी पत्र्यावरून हवेत किंवा पाण्यात जाते. प्रत्येक टप्प्यावर तापमानाची थोडी थोडी उतरंड असते. या साखळीतली एक कडी जरी दुबळी झाली तरी बाकीच्या कितीही मजबूत असून उपयोग नसतो.

या साखळीत तेलाकडे दुहेरी काम असते. १८९१ साली लाउफेन ते फ्रँकफर्ट अशी १७५ किलोमीटर लांबीची त्रिकला (थ्री-फेज) वीजवाहिनी टाकून इतक्या दूरवर वीज नेता येते हे दाखवण्यात आले, तेव्हा तिथल्या रोहित्रांत तेल भरले होते. उच्च दाबाला हवेपेक्षा तेल अधिक चांगले अडवते, हे त्यामागचे मोठे कारण. पण जे तेल विजेला अडवते तेच उष्णतेला वाट करून देते, ही त्या द्रवाची मोठी सोय आहे. खनिज तेलाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या जवळपास निम्मी असते, ते पातळ असते आणि तापले की आणखी पातळ होऊन अरुंद फटींतून सहज वाहते. त्याचे आकारमान दर अंशामागे सुमारे ०.०००७५ पट वाढते. साठ हजार लिटर तेल साठ अंशांनी तापले तर ते २,७०० लिटरने फुगते, आणि टाकीच्या माथ्यावर आडवा बसवलेला कंझर्व्हेटर, म्हणजे तेलाची छोटी जादा टाकी, त्यासाठीच असतो. तेल फुगता-आकसताना हवेची जी ये-जा होते, तो तेलाचा श्वास ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या ब्रीदरमधून होतो, आणि टाकी व कंझर्व्हेटर यांना जोडणाऱ्या नळीत वायू जमला की इशारा देणारा बुखोल्झ रिले पहारा देतो. माक्स बुखोल्झ यांनी तो १९२१ साली शोधला. त्याच्याकडे आपण पुढे एकदा परत येणार आहोत.

फुगण्याच्या याच गुणावर थंड करण्याची सर्वांत साधी पद्धत चालते. वाइंडिंगजवळ तापलेले तेल हलके होऊन वर चढते, टाकीच्या वरच्या नळीतून रेडिएटरमध्ये जाते, तिथे गार होऊन जड होते, खाली उतरते आणि खालच्या नळीतून परत टाकीत शिरते. हे चक्र चालवायला कोणताही पंप लागत नाही. बाहेर पत्र्याला लागून तापलेली हवाही अशीच आपोआप वर जाते. तेलाचे अभिसरण नैसर्गिक आणि हवेचेही नैसर्गिक, म्हणून या पद्धतीला ‘ओएनएएन’ म्हणतात, आणि बोलताना आपण ‘ओनान’ म्हणतो. या चक्राचा जोर दोन गोष्टींवर अवलंबून असतो: वरच्या आणि खालच्या तेलाच्या तापमानातला फरक, आणि रेडिएटरचा मध्य वाइंडिंगच्या मध्यापेक्षा किती उंच आहे तो. म्हणून जाणता आराखडाकार रेडिएटर शक्य तितके वर बसवतो.

मी नोकरीला लागलो त्या सुमाराची एक गोष्ट सांगतो. वार्षिक देखभालीनंतर एका रोहित्राच्या तेलाचे तापमान, भार आणि हवामान पूर्वीसारखेच असताना, सहा-सात अंशांनी जास्त दिसू लागले होते. आम्ही तरुण मंडळी भाराच्या नोंदी तपासत बसलो होतो. आमच्यातले एक ज्येष्ठ तंत्रज्ञ मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, “साहेब, हात लावून बघा.” एकेका रेडिएटरवर वर हात, मग खाली हात. पहिल्या पाचांचा वरचा भाग चटका बसावा इतका गरम आणि खालचा कोमट होता. सहावा वरपासून खालपर्यंत गार. देखभालीच्या वेळी बंद केलेला त्याचा खालचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह कोणी उघडलाच नव्हता. तो रेडिएटर तेलाने भरलेला होता, दिसायला धडधाकट होता आणि काडीचेही काम करत नव्हता. आज हेच काम इन्फ्रारेड कॅमेरा दुरून आणि अधिक अचूक करतो, पण पाहायचे असते ते तेच: वर गरम आणि खाली कमी गरम असेल तर तेल फिरते आहे, सगळीकडे सारखेच गार असेल तर वाट बंद आहे. तेलाची पातळी इतकी उतरली की रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या नळीचे तोंड उघडे पडले, तरीही हेच होते. चक्र एका फटक्यात तुटते, आणि टाकीत बरेच तेल शिल्लक दिसत असूनही रोहित्र तापत सुटते.

मग सगळीच रोहित्रे ओनान का ठेवत नाहीत? याचे उत्तर भूमितीत आहे. रोहित्राच्या सगळ्या मापांची दुप्पट केली आणि लोखंड-तांब्यावरचा ताण तोच ठेवला, तर क्षमता सोळापट वाढते, आतला ऱ्हास आकारमानाप्रमाणे आठपट वाढतो आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र चारपटच वाढतो. लहान रोहित्राला टाकीचा साधा पत्रा पुरतो, थोड्या मोठ्याला पन्हळी किंवा नळ्या लागतात, आणखी मोठ्याला रेडिएटरच्या रांगा लागतात, आणि एका मर्यादेनंतर रेडिएटरच रोहित्रापेक्षा जास्त जागा खाऊ लागतात. यंत्र जितके मोठे तितके ते स्वतःच्या उष्णतेत अडकत जाते, आणि मग त्याला बाहेरची मदत द्यावी लागते.

पहिली मदत पंख्याची. रेडिएटरवर जोराने हवा सोडली की पत्र्यापासून हवेत जाणारी उष्णता वाढते, कारण साखळीतली सर्वांत दुबळी कडी बहुधा हीच असते. पत्र्याच्या आतला तेलाचा प्रवाह उष्णता आणून देतो, पण बाहेरची संथ हवा ती झटपट उचलत नाही. या पद्धतीला ‘ओएनएएफ’ म्हणतात. यातली चारही अक्षरे एकदा समजून घेतली की नावे पाठ करावी लागत नाहीत. पहिले अक्षर आतल्या द्रवाचे, दुसरे तो द्रव कसा फिरतो याचे, तिसरे बाहेरच्या माध्यमाचे आणि चौथे ते माध्यम कसे फिरते याचे. खनिज तेलासाठी ‘ओ’, हवेसाठी ‘ए’, पाण्यासाठी ‘डब्ल्यू’, आपोआप फिरण्यासाठी ‘एन’, ढकलून फिरवण्यासाठी ‘एफ’. तेलाच्या बाबतीत आणखी एक ‘डी’ आहे, त्याबद्दल लगेचच बोलू.

एकाच रोहित्रावर अनेकदा तीन क्षमता लिहिलेल्या असतात, म्हणजे पंखे-पंप काहीही न चालवता ६० टक्के, पंख्यांवर ८० टक्के आणि पंखे व पंप दोन्ही चालवून १०० टक्के. इथे तो वर्गाचा नियम आठवा. साठ टक्के भाराला तांब्यातली उष्णता ३६ टक्केच असते, म्हणून पंखे बंद असतानाही रोहित्र ६० टक्के भार पेलू शकते. ऐंशी टक्क्यांना ती ६४ टक्क्यांवर जाते. शेवटच्या वीस टक्के क्षमतेसाठी उरलेली ३६ टक्के उष्णता बाहेर काढावी लागते, आणि पंपासारखा खर्चिक उपाय या शेवटच्या पायरीवरच येतो.

पंख्यांबद्दल एक सांगतो, कारण ही चूक वारंवार होते. त्रिकला मोटारीच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या की पंखा उलटा फिरतो. तो फिरताना दिसतो, आवाज करतो, थोडी हवाही हलवतो, आणि नियंत्रण कक्षात ‘पंखा चालू’ असा दिवाही लागतो, पण रेडिएटरवर पडायला हवी तेवढी हवा पडत नाही. पंख्याची दिशा कागदाचा तुकडा धरून तपासावी लागते, दिव्यावरून नाही. औष्णिक केंद्रात राख आणि कोळशाची धूळ रेडिएटरच्या पात्यांत बसते. तो थर डोळ्यांना क्षुल्लक दिसतो, पण उष्णतेच्या वाटेतली ती एक नवी, फुकट घातलेली अडचण असते.

यापुढची पायरी पंपाची. रेडिएटर किंवा कूलर आणि टाकी यांच्या मध्ये पंप बसवून तेल ढकलले की ‘ओएफएएफ’ होते, म्हणजे बोलीभाषेतले ‘ओफाफ’. इथे एक समज दुरुस्त करायला हवी, आणि मला ती आजच्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. पंप तेल टाकीत सोडतो याचा अर्थ ते तेल वाइंडिंगमधून जाते असा नाही. तेलाला मोकळी वाट आवडते. टाकी आणि वाइंडिंग यांच्यामधली मोठी पोकळी रिकामी असताना ते वाइंडिंगच्या चार-पाच मिलिमीटरच्या फटींत कशाला शिरेल? म्हणून साध्या ओफाफमध्ये गार झालेले तेल टाकीत जोरात फिरते खरे, पण वाइंडिंगच्या आतला प्रवाह अजूनही मुख्यतः स्वतःच्या हलकेपणावरच चालतो. पंपामुळे कूलरची बाजू सुधारते, तळाचे तेल गार मिळते, पण कागदापासचा शेवटचा टप्पा जवळजवळ आधीसारखाच राहतो.

तो टप्पा सुधारायचा तर तेलाला वाइंडिंगमध्येच शिरायला भाग पाडावे लागते. त्यासाठी तळाशी बंद कप्पा करून पंपाचे तेल थेट वाइंडिंगच्या खाली सोडतात, आणि चकत्यांच्या वाइंडिंगमध्ये ठरावीक अंतरावर आतून आणि बाहेरून आळीपाळीने अडसर घालतात, म्हणजे तेल नागमोडी वाटेने प्रत्येक चकतीवरून जाते. हाच तो ‘डी’, दिशा दिलेला प्रवाह, आणि पद्धतीचे नाव ‘ओडीएएफ’. मानकात या फरकाची दखल अगदी आकड्यांत घेतलेली आहे. नैसर्गिक आणि साध्या ढकललेल्या प्रवाहासाठी वाइंडिंगच्या सरासरी तापमानात बाहेरच्या हवेच्या वर ६५ अंशांची वाढ चालते, दिशा दिलेल्या प्रवाहासाठी ७० अंशांची, कारण इथे वाइंडिंगची सरासरी आणि हॉटस्पॉट यांतले अंतर कमी असते. हॉटस्पॉटच्या वाढीची मर्यादा मात्र दोन्हीकडे ७८ अंशच आहे. वर्षाची सरासरी हवा २० अंश धरली की २० अधिक ७८ म्हणजे तेच ९८.

आता जे गमावले त्याकडे पाहू. ओनान रोहित्र कोणाच्याही मदतीशिवाय चालते. पंखे लावले की ते पंख्यांच्या विजेवर अवलंबून राहते, तरी पंखे थांबले तर निदान ६० टक्क्यांचा आधार उरतो. ओडीएएफमध्ये पंप थांबला की नागमोडी वाटेतून तेल आपोआप वर चढण्याची शक्यता फार कमी होते, आणि कॉम्पॅक्ट कूलर असतील तर त्यांच्यातून नैसर्गिक अभिसरण जवळजवळ होतच नाही. अशा रोहित्राला पंपाशिवाय नुसते चार्ज ठेवणेदेखील फार काळ परवडत नाही, कारण गाभ्याची उष्णता तर चालूच असते. क्षमतेची प्रत्येक पायरी आपण स्वावलंबनाचा थोडा भाग देऊन विकत घेत असतो. म्हणून जनित्राच्या रोहित्राच्या कूलर नियंत्रण पेटीला दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज देतात, एक गेली की दुसरी आपोआप जोडली जाते, एक कूलर राखीव असतो, आणि सगळे कूलर बंद पडले तर काही मिनिटांच्या घड्याळानंतर संच ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद केला जातो. या घड्याळाची मुदत उत्पादक ठरवून देतो. ती मुदत वाढवून घेण्याचा मोह कधीही होऊ देऊ नका.

ती मुदत इतकी तोकडी का, हे दोन वेगवेगळ्या घड्याळांवरून समजते. तेलाचा साठा मोठा असतो, त्यामुळे तेल तापायला तास लागतात. ओनान रोहित्रात हा कालांक, म्हणजे तापमान नव्या पातळीच्या बरेच जवळ पोचायला लागणारा वेळ, तीन तासांहूनही अधिक असू शकतो. वाइंडिंगचा कालांक मात्र पाच-दहा मिनिटांचाच असतो. भार अचानक वाढला तर तेलाचा तापमापक शांत दिसत असतानाच आत कागद भाजू लागलेला असतो. याच कारणासाठी वाइंडिंग तापमापक वेगळा ठेवतात, आणि तो कसा चालतो ते माहीत असायलाच हवे. तो वाइंडिंगला शिवतदेखील नाही. टाकीच्या माथ्यावर तेलाने भरलेल्या एका खिशात त्याचा फुगा बसवलेला असतो, म्हणजे वरच्या तेलाचे तापमान त्याला कळते. आणि करंट ट्रान्सफॉर्मरमधून, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीच्या छोट्या रोहित्रातून, भाराच्या प्रमाणात येणारा प्रवाह एका छोट्या तापकातून फिरवून त्यात आणखी काही अंशांची भर घातली जाते. ही वाइंडिंगची प्रतिमा आहे, मोजमाप नाही. त्या खिशातले तेल आटले असेल, किंवा तापकाचे समायोजन उत्पादकाच्या चाचणीशी जुळत नसेल, तर काटा खोटे बोलतो, आणि पंखे-पंप चालू करणारे संपर्क त्याच काट्यावर असतात. हल्ली नव्या रोहित्रांत वाइंडिंग बनवतानाच काचतंतूंचे संवेदक आत घालतात. तेवढेच खरे मोजमाप.

पंपाबद्दल आणखी दोन गोष्टी. पंप ज्या बाजूने तेल ओढतो, तिथे दाब हवेपेक्षाही कमी होऊ शकतो. त्या बाजूच्या गॅस्केटला फट पडली तर तेल गळत नाही, हवा आत ओढली जाते. जमिनीवर एक थेंब नाही, आणि बुखोल्झ रिले मात्र वारंवार वायूचा इशारा देतो. हा वायू आतल्या बिघाडाचा की बाहेरच्या हवेचा, हे तपासल्याशिवाय रिलेला दोष देणे किंवा रोहित्राला दोष देणे दोन्ही घाईचे आहे. दुसरी गोष्ट अशी की तेल जोराने कागद-पुठ्ठ्यावरून घासत गेले की विद्युतभार वेगळे होतात. पुठ्ठ्यावर ऋण आणि तेलात धन. १९७० च्या दशकात जोराच्या प्रवाहाच्या काही मोठ्या रोहित्रांत यामुळे आतल्या आत ठिणग्या पडून बिघाड झाले, आणि तेव्हापासून तेलाच्या वेगाला मर्यादा आली. थंड तेलावर सगळे पंप एकदम सुरू करू नयेत, हा नियम त्यातून आला.

हवेऐवजी पाणी वापरायचे की नाही, याचा निर्णय जागेवर ठरतो. आपल्या ९०० किलोवॅटचाच हिशेब करू. हे सगळे हवेने न्यायचे आणि हवा दहा अंशांनीच तापू द्यायची असेल, तर दर सेकंदाला सुमारे ९० किलो, म्हणजे जवळजवळ ८० घनमीटर हवा लागते. पाणी दहा अंशांनी तापू दिले तर दर सेकंदाला साधारण २१ ते २२ लिटर पुरते. जलविद्युत केंद्र डोंगराच्या पोटात असेल, जिथे हवा आणायची म्हणजे बोगदा खणावा लागतो आणि पाणी दाराशी वाहत असते, तिथे ‘ओएफडब्ल्यूएफ’ किंवा ‘ओडीडब्ल्यूएफ’ हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. यापूर्वी टाकीच्याच वरच्या तेलात तांब्याच्या नळीचे वेटोळे बसवून त्यातून पाणी फिरवत असत. ती पद्धत मागे पडली, कारण नळीला सूक्ष्म भोक पडले तर पाणी थेट वाइंडिंगच्या माथ्यावर.

पाण्याची भीती बाळगायलाच हवी. तेलात दहा लाख भागांत काही दशक भाग पाणी वाढले तरी त्याची विद्युतरोधक शक्ती घसरते, आणि ते पाणी शेवटी कागदात जाऊन बसते. कागदात दोन टक्के ओलावा असेल तर १४० अंशांच्या आसपास वाइंडिंगपाशी वाफेचे बुडबुडे सुटू शकतात, आणि उच्च दाबाच्या जागी बुडबुडा म्हणजे विद्युतरोधातली भगदाड. म्हणून आधुनिक जलकूलरमध्ये दोन गोष्टी पाळतात. तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा नेहमी जास्त ठेवतात, म्हणजे गळती झालीच तर तेल पाण्यात जाईल, पाणी तेलात येणार नाही. आणि नळीत नळी अशी दुहेरी रचना करून मधल्या पोकळीत गळती कळवणारा संवेदक बसवतात. पहिला नियम चालू स्थितीत सहज पाळला जातो. धोका सुरू करताना आणि बंद करताना असतो. सुरू करताना आधी तेलाचा पंप, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग तेल. हा क्रम उलटला तर काही मिनिटांसाठी का होईना, पाण्याचा दाब वरचढ ठरतो.

द्रवाबद्दल थोडक्यात. खनिज तेलाचा भडका उडतो, म्हणून ज्वलनबिंदू ३०० अंशांहून अधिक असलेली वनस्पतिजन्य आणि कृत्रिम एस्टर तेले आता वापरात येत आहेत. त्यांच्या नावात ‘ओ’ ऐवजी ‘के’ येतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती चांगली आहेत, पण ४० अंशांवर वनस्पतिजन्य एस्टर खनिज तेलापेक्षा तीन-चार पट दाट असते. जुन्या रोहित्रातले खनिज तेल काढून तेच रेडिएटर आणि त्याच फटी ठेवून एस्टर भरले, तर तेल हळू फिरते आणि हॉटस्पॉट काही अंशांनी चढतो. सहा अंशांचा नियम आठवून त्या रोहित्राच्या उष्णतेचा हिशेब पुन्हा मांडावा, मगच ठरवावे.

व्याख्यानाआधी एका विद्यार्थ्याने मला विचारले होते की पंखे आणि पंप बंद ठेवून वीज वाचवता येत नाही का. प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी आहे. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. वाइंडिंगचे सरासरी तापमान ७५ वरून ५५ वर आणले तर रोध साडेसहा टक्क्यांच्या आसपास उतरतो. पूर्ण भारावर तांब्यातला ऱ्हास ७०० किलोवॅट धरला, तर ही बचत ढोबळमानाने ४० किलोवॅटच्या पुढे जाते. पंखे-पंपांचा खर्च १८ किलोवॅट असेल तर ते चालवणे फायद्याचे आहे, शिवाय कागद वाचतो तो वेगळा. तेच रोहित्र निम्म्या भारावर असेल तर तांब्यात १७५ किलोवॅटच उरतात, त्याचे साडेसहा टक्के म्हणजे जेमतेम ११ किलोवॅट, आणि इतक्या कमी उष्णतेवर वीस अंशांची घट मिळणारही नाही. तिथे सगळे पंखे फिरवत ठेवणे म्हणजे वीज वाया घालवणे आहे, आणि तेल गार असेल तर पंपांच्या बाबतीत धोक्याचेही. म्हणून त्या विद्यार्थ्याला मी सांगितले की हाताने काहीच बंद करू नकोस; वाइंडिंग तापमापकाच्या खिशात तेल आहे का ते आधी पाहा, त्याचे समायोजन तपासून घे, आणि मग पंखे केव्हा लागायचे आणि केव्हा थांबायचे ते त्या काट्याला ठरवू दे.